उपग्रह दूरचित्रवाणी ग्राही
कृत्रिम उपग्रहाकडून येणारे दूरचित्रवाणी संदेश ग्रहण करून त्यांचे चित्र व ध्वनी यांत रूपांतर करणारी प्रयुक्ती. तबकडीसारखा आकाशक, त्याच्या पुढे बसविलेला विवर्धक व घरातील ग्राही पेटी (सेट-टॉप बॉक्स) हे तिचे मुख्य भाग होत.

भारतात १९७५-७६ मध्ये एटीएस-६ ह्या अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सु. २,४०० खेड्यांत प्रायोगिक उपग्रह दूरचित्रवाणी पोहोचविण्यात आली. त्या वेळी जाळीचे सु. ३ मी. व्यासाचे आकाशक वापरले होते. दूरदर्शनची थेट घरोघरी उपग्रह सेवा २००४ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी सु. ६० सेंमी. व्यासाची तबकडीही पुरते.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सु. ३५,७८६ किमी. उंचीवर असतो व पृथ्वीवरून स्थिर भासतो. म्हणून तबकडी एकदाच रोखून बसविता येते. भूमीवरील मनोऱ्याकडून येणारे तरंग डोंगरांमुळे अडतात. कोकणातील दऱ्याखोऱ्यांत ही अडचण विशेष जाणवते. याउलट ९३.५° पू. रेखांशावरील जीसॅट-१५ हा उपग्रह (प्रक्षेपण २०१५) रत्नागिरीहून आग्नेयेस, क्षितिजापासून सु. ५९° उंचीवर येतो. त्यामुळे पूर्वेकडील सह्याद्री आड येत नाही. मात्र परसातील माड किंवा आंबा आड येऊ शकतो.

कार्य : उपग्रहाचे तरंग पृथ्वीवर अतिशय क्षीण होऊन पोहोचतात. तबकडीचा अन्वस्तीय पृष्ठभाग ते केंद्राशी एकवटतो. तेथील विवर्धक स्वतःच्या गोंगाटाची (अनियमित विद्युत् अडथळ्याची) अत्यल्प भर घालून ते वाढवितो. नंतर १०.७ ते १२.७५ गिगॅहर्ट्‌झ ही कंप्रता सु. ०.९५ ते २.१५ गिगॅहर्ट्‌झपर्यंत उतरविली जाते. कारण उच्च कंप्रतेचे संदेश केबलीत लवकर क्षीण होतात. ग्राही पेटी इष्ट वाहिनी निवडून अंकीय संदेशातील चित्र व ध्वनी उलगडते.

गुणवत्ता : जुन्या सदृश पद्धतीत गोंगाट चित्रावर ठिपक्यांच्या रूपाने दिसे. अंकीय पद्धतीत १८८ बाइटांच्या प्रत्येक गठ्ठ्याला पडताळणीचे १६ बाइट जोडण्याची एक रूढ पद्धत आहे. त्यांच्या आधारे ८ बाइटांपर्यंतच्या चुका ग्राही स्वतः दुरुस्त करतो. म्हणून मर्यादेच्या आत चित्र व ध्वनी प्रक्षेपित केल्याप्रमाणेच निर्दोष मिळतात. प्रक्षेपणापूर्वी संदेशाचे संकोचन करताना गमावलेला तपशील मात्र ग्राहीला परत आणता येत नाही. चुका मर्यादेबाहेर गेल्या की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, ते गोठते व आवाज तुटतो.

पावसाचा परिणाम : ह्या तरंगांची लांबी सु. २.५ सेंमी. असल्याने पावसाचे थेंब त्यांचे शोषण व विखुरण करतात. रत्नागिरीत जून ते सप्टेंबर या काळात मुसळधार सरींच्या वेळी संदेश काही वेळ खंडित होतो, तो बहुधा यामुळेच. सर ओसरताच तो पूर्ववत होतो. वादळाची बातमी सर्वांत निकडीची असते, तेव्हाच ही अडचण उद्‌भवू शकते. म्हणून किनाऱ्यावर रेडिओ जवळ असणे इष्ट ठरते. तबकडीचा व्यास दुप्पट केल्यास संदेश ग्रहण करणारे क्षेत्रफळ चौपट होते व पावसासाठी अधिक वाव राहतो. खाऱ्या हवेने गंजणारे जोड व वाऱ्याने ढळलेली तबकडी यांमुळे हा वाव कमी होतो. म्हणून त्यांची तपासणी पावसाळ्यापूर्वी करणे हिताचे असते.