भंगाराच्या धंद्यातील वेठबिगारी आणि आपण

गेल्या वर्षी एका निर्यातदारामार्फत आमच्याकडे एक छापील फॉर्म आला. माल इंग्लंडला जायचा होता. सूत कुठले, रंगाई कुठे, कारागीर किती, हे प्रश्न आता नेहमीचे झाले आहेत. शेवटच्या पानावर मात्र नवा प्रश्न होता. तुमच्याकडील चिंधी व कचरा कोण उचलतो आणि तो निवडणारे मजूर कोणाचे? पहिल्या भागाचे उत्तर मी लगेच लिहिले. दुसऱ्या भागाशी हात थांबला. ज्यांना वर्षानुवर्षे चिंधी विकतो, त्यांच्या गोदामात मी कधी आत गेलोच नव्हतो. आमचा व्यवहार बाहेर काट्यावरच होत असे.

इंग्रजांना ही चौकशी का सुचली, याचे कारण त्यांच्याच घरात आहे. २०१५ साली तेथे आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा झाला. वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या कंपनीला, आपल्या धंद्यात आणि माल पुरवणाऱ्यांच्या साखळीत गुलामी होऊ नये म्हणून काय केले, याचे निवेदन दरवर्षी प्रसिद्ध करावे लागते. काहीच केले नसेल तर तसे लिहून देण्याचीही मुभा आहे! त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या परिसरातून दोन पोलिश मजूर पळाले आणि एक मोठे प्रकरण बाहेर आले. पोलिसांनी त्याला ‘ऑपरेशन फोर्ट’ नाव दिले. एका टोळीने पोलंडमधून बेघर, दारूच्या आहारी गेलेले, तुरुंगातून सुटलेले लोक चांगल्या पगाराच्या आशेवर आणले होते. त्यांना कोंदट घरांत दाटीवाटीने ठेवले. त्यांच्या नावाने बँकेत खाती उघडली आणि कार्डे टोळीने आपल्याजवळ ठेवली. मग कचरा निवडण्याच्या केंद्रांत, शेतांवर, कारखान्यांत कामाला लावले. २०१९ मध्ये आठ जणांवर गुन्हा शाबीत झाल्याचे जाहीर झाले. बळी पडलेल्यांचा आकडा ४०० च्या वर असावा, असा पोलिसांचा अंदाज होता.

आपण व्यापाऱ्यांनी यातली एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हे मजूर चोरून कामाला लागले नव्हते. ते मजूर पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत लागले आणि टोळीतील एक बाई तर अशाच एजन्सीत नोकरीला होती. पगार मजुराच्या नावच्या खात्यात जमा होत होता. कागद पाहिला तर बोट ठेवायला जागा नाही. फक्त पैसा मजुराच्या हातात पडत नव्हता. दहा मजुरांचा पत्ता एकच आहे किंवा सगळ्यांचा मोबाईल नंबर एकाच माणसाचा आहे, हे पाहणारा एखादा कारकून असता तर त्याला शंका आली असती.

आता आपल्याकडे या. मी त्या गोदामात गेलो. बारा-चौदा माणसे चिंधीच्या ढिगावर बसून सुती वेगळे, पॉलिस्टर वेगळे करीत होती. धूळ एवढी की दोन मिनिटांत माझाच घसा बसला. एका तरुणाला विचारले. घरच्या लग्नासाठी त्याने मुकादमाकडून ४० हजार पेशगी घेतली होती. महिन्याला ३ हजार कापले जातात. म्हणजे वर्षाला ३६ हजार फिटायला हवेत. पण खाणे, औषध आणि आजारपणाचे खाडे मुकादम पुन्हा त्याच वहीत चढवतो. वर्षाने बाकी निघाली ४६ हजार! आधार कार्ड मुकादमाच्या पेटीत. ईदला गावी जाऊ दिले नाही. गोदामाचे मालक पाच वक्तांचे नमाजी, भले गृहस्थ. ते म्हणाले, “भाई, हा हिसाब मुकादमाचा आहे, माझा नाही.”

खरे सांगायचे तर मीही इतकी वर्षे हेच म्हणत आलो असतो.

कायदा मात्र असे म्हणत नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने अशा कर्जाच्या फेडीचे बंधनच रद्द केले आहे. वसुलीसाठी दावाही लावता येत नाही. कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २ हजारांपर्यंत दंड. तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांताकडे करता येते. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करवून घेणे हीसुद्धा घटनेच्या २३ व्या कलमाखाली सक्तीची मजुरीच आहे. मजुराला साखळदंड घातलेला असण्याची गरज नाही, पोटाची मजबुरी पुरते. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितांतही ती आहे.

पेशगी देणेच गुन्हा आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. अडीअडचणीला उचल सगळेच देतात. मजुराला सोडून जाता येते का, त्याचे कागद त्याच्याजवळ आहेत का, मजुरी पूर्ण मिळते का, एवढे बघायचे. वहीची एक प्रत त्याच्या हातात असावी. वाचता येत नसेल तर दर महिन्याला दोघांसमोर वाचून दाखवावी.

दुसरी गोष्ट भावाची. सोसायटी असो, मार्केट असो की कारखाना, कचरा उचलण्याचा ठेका आपण सर्वांत कमी बोलीला देतो. जरा हिसाब करून बघा. रोज ५०० रुपये धरले तरी २० माणसांची २६ दिवसांची मजुरी २ लाख ६० हजार होते. डिझेल आणि गाडी वेगळी. ठेकेदार २ लाखांत सगळे करतो म्हणत असेल तर उरलेली रक्कम कोणाच्या पोटातून निघणार, हे सही करतानाच आपल्याला ठाऊक असते. पुण्यात १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. तिचे सदस्य घरोघरचा कचरा घेतात, घरांकडून ठरलेले शुल्क त्यांनाच मिळते आणि भंगारही तेच विकतात. मध्ये मुकादम नाही.

घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची हदीस आपल्या मुलांनाही पाठ असते. जकातीच्या आठ मदींमध्ये गुलामांची सुटका आणि कर्जात बुडालेले, या दोन मदी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. त्या गोदामातला तरुण कोणत्या मदीत बसतो, हे मी एका मौलानासाहेबांना विचारले. ते थोडे थांबून म्हणाले, “दोन्हींत.” पण जकातीच्या पैशाने मुकादमाची खोटी बाकी भरणे मला पटले नाही. जे कर्ज कायद्याने उरलेलेच नाही, ते फेडायचे कशाला?

मालकांशी तीन बैठका झाल्या. आधार कार्डे परत मिळाली. मजुरी आता गोदामातूनच, मजुराच्या हाती दिली जाते, आणि आठवड्यातून एकदा मी किंवा माझा मुलगा जाऊन विचारपूस करतो. वहीचा प्रश्न अडला आहे. मुकादम म्हणतो, वही गावाकडे राहिली आहे. तो तरुण यंदाच्या ईदला घरी गेला होता आणि आपणहून परत आला. फॉर्मवर मी मजुरांची संख्या आणि मजुरीचा दर लिहिला, पेशगीच्या रकान्यात ‘हिसाब चालू आहे’ असे लिहून सही केली. निर्यातदाराने तो रकाना बदलून द्या म्हणून दोनदा फोन केला. मी बदललेला नाही.