बदलत्या विमानाचा सिम्युलेटर

पिंपरी-चिंचवडच्या पूर्वेला असलेल्या लोहगावच्या तळावर सप्टेंबर २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआय ही लढाऊ विमाने हवाई दलात रीतसर दाखल झाली. पुढे ती नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार होऊ लागली, आणि जून २०१६ मध्ये नाशिकहूनच अशा एका विमानाने सुमारे अडीच टनांचे ब्राह्मोस क्षेपणास्त्र पोटाखाली घेऊन पहिले उड्डाण केले. एवढा भार आला की विमानाचा गुरुत्वमध्य सरकतो, हवेचा अवरोध वाढतो, आणि क्षेपणास्त्र सुटताक्षणी हे सारे गणित पुन्हा पालटते. जमिनीवरच्या सिम्युलेटरला, म्हणजे उड्डाणाचा हुबेहूब अनुभव देणाऱ्या सराव-यंत्राला, हा पालट ठाऊक नसेल, तर तिथे अंगवळणी पडलेली सवय आकाशात घातक ठरू शकते.

सिम्युलेटरच्या गाभ्याशी मोठमोठी कोष्टके असतात. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन किती आणि वेग किती, यावरून त्या क्षणीचे उत्थापक बल, म्हणजे विमानाला वर उचलणारे बल, कोष्टकातून काढले जाते, त्यावरून विमानाची पुढची स्थिती ठरते, आणि हे चक्र सेकंदाला अनेकदा फिरते. हे आकडे प्रोग्राममध्येच गुंफलेले असतील, तर इंधनाची एक जादा टाकी लावण्यासाठीही तो उसवावा लागतो. लवचीक रचनेत ते वेगळ्या फायलींत राहतात. जेएसबीसिम या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये विमानाचे वजन, इंजिन आणि कोष्टके अशाच फायलींत लिहिलेली असतात, त्यामुळे मूळ प्रोग्रामला हात न लावता विमान बदलता येते.

चाकण-पिंपरी पट्ट्यातील वाहन अभियंत्यांना ही रीत परकी नाही, कारण इंजिनाच्या ईसीयूमध्ये, म्हणजे नियंत्रक संगणकात, आज्ञावली एक आणि प्रत्येक मॉडेलचे कॅलिब्रेशन वेगळे, असेच काम चालते.

तथापि, सिम्युलेटरच्या खरेदीच्या करारात विमानाच्या या फायली आणि त्यांची मूळ आकडेवारी पुरवठादाराच्याच हाती राहिली, तर रचना कितीही लवचीक असली तरी ती वापरणाऱ्याच्या उपयोगाची नाही. त्या वापरणाऱ्याला मिळतील, ही अट प्रारंभीच घालून घेणे अत्यावश्यक आहे. बदल केल्यावरही प्रत्यक्ष चाचणी-उड्डाणात नोंदलेल्या आकड्यांशी सिम्युलेटरचे वर्तन ताडून पाहावे लागते, आणि वैमानिकाच्या हालचालीला यंत्राचे उत्तर येण्यातला विलंबही मोजावा लागतो. नागरी विमानांच्या वरच्या श्रेणीतील सिम्युलेटरसाठी २०१६ पूर्वीच्या अमेरिकी नियमांत या विलंबाची मर्यादा १५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या सातव्या हिश्शाच्या आसपास होती. उत्तर फार उशिरा आले, तर वैमानिक स्टिक गरजेपेक्षा जास्त ओढतो आणि पडद्यावरचे विमान हेलकावू लागते.