फोन तुटतो तेव्हा घड्याळ बघा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात मध्यंतरी जाणं झालं. पुण्याच्या पार्टीचा फोन आला की तिथले मालक खुर्चीतून उठून उभे राहायचे आणि भराभर बोलायला लागायचे. कारण विचारलं तर म्हणाले, "अर्ध्या मिनिटात तुटतोय हो फोन. तेवढ्यात कास्टिंगचं वजन आणि डिस्पॅचची तारीख सांगून मोकळं व्हायचं." दोन महिन्यांत त्यांनी टेबलावरचे दोन फोन बदलले होते, नेटचा प्लॅन ५० एमबीपीएसवरून २०० वर नेला होता. फोन तरीही अर्ध्या मिनिटातच तुटत होता. दोष भिंतीवरच्या राउटरच्या सेटिंगमधल्या एका खुणेत होता. ती खूण काढायला पाच मिनिटं लागली.

शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, उद्यमनगर, गोकुळ शिरगाव, कुठल्याही ऑफिसात जा, तांब्याच्या तारेवरचे फोन कमी होत चाललेत. नंबर ०२३१ चाच असतो, पण आवाज आता इंटरनेटवरून जातो. फायबरवाल्याच्या डब्यालाच साधा फोन जोडला असेल तर ती व्यवस्था सहसा फायबरवालाच सांभाळतो. खरी डोकेदुखी होते ती ऑफिसच्या स्वतःच्या राउटरमागे आयपी फोन लावले असतील किंवा ईपीएबीएक्स (ऑफिसातलं फोन एक्स्चेंज) इंटरनेटवर नेला असेल तेव्हा. अशा ऑफिसांत जे समज घट्ट बसलेत, त्यांच्यापायी पैसे जातातच, वर गिऱ्हाईकही जातं. म्हणून हे लिहितो आहे.

"स्पीड कमी आहे, मोठा प्लॅन घ्या"

सगळ्यात महाग पडणारा समज हा. नेहमीच्या पद्धतीच्या एका कॉलला एका दिशेला सेकंदाला साधारण ८० ते ९० किलोबिट एवढाच वेग लागतो. दहा माणसं एकाच वेळी बोलत असली तरी सगळे मिळून एक एमबीपीएसच्या आत बसतात. २०० एमबीपीएसच्या प्लॅननं या हिशेबात काहीच फरक पडत नाही.

आवाज फाटतो तो वेगळ्या कारणानं. बोलणं चालू असताना फोन दर सेकंदाला ५० छोटी पाकिटं पाठवत असतो. ती एका लयीत पोहोचली पाहिजेत. एका बाजूनं दुसरीकडं पोहोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. त्यापलीकडं गेलं की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. आता त्याच वेळी कुणी तरी डिझाइनची मोठी फाइल वर चढवत असेल किंवा सीसीटीव्हीचं चित्रण बाहेरच्या सर्व्हरवर जात असेल, तर राउटरमध्ये पाकिटांची रांग लागते आणि आवाजाची बारीक पाकिटं त्या रांगेत मागं उभी राहतात. डाउनलोडचा आकडा कितीही मोठा असला तरी अडचण अपलोडच्या रांगेत असते.

हे तपासायला काही विकत आणावं लागत नाही. कॉम्प्युटरवरून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग चालू ठेवा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून मोठी फाइल अपलोड करा. पिंगमधला १५-२० मिलिसेकंदांचा आकडा उडी मारून काहीशेवर गेला तर रोग कळला. इलाज राउटरच्या क्यूओएस पानावर आहे: फोनला आधी वाट द्या, आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा.

"रिंग वाजते, म्हणजे लाइन ठीक; फोनच बिघडलाय"

रिंग आणि आवाज या दोन वेगळ्या वाटांनी जाणाऱ्या गोष्टी आहेत. कोण कुणाला बोलावतंय, उचलला का, ठेवला का, ही निरोपानिरोपी एसआयपी नावाच्या पद्धतीनं होते. तिचं आजचं प्रमाण रूप जून २००२ मध्ये ठरलं. प्रत्यक्ष आवाज आरटीपी या दुसऱ्या पद्धतीनं जातो. पहिली वाट मोकळी आणि दुसरी बंद, असं सर्रास होतं. मग "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" सुरू होतं. समोरच्याला आपलं स्पष्ट ऐकू जातं, आपल्याला मात्र त्याचं एक अक्षर ऐकू येत नाही.

असं का होतं हे एकदा नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. ऑफिसातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आतला पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ नं सुरू होणारा. हेच पत्ते जगभरातल्या असंख्य ऑफिसांत वापरात आहेत. शाहूपुरीतही पहिली गल्ली आहे आणि राजारामपुरीतही. पाकिटावर नुसतं 'पहिली गल्ली' लिहिलं तर पोस्टमननं ते कुठं टाकायचं? म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावरचा आतला पत्ता खोडून राउटर त्या जागी ऑफिसचा एकच सार्वजनिक पत्ता घालतो आणि कुठलं पाकीट कुणाचं होतं याची नोंद आपल्या वहीत ठेवतो. या अदलाबदलीला नॅट म्हणतात.

वेबसाइट बघताना एवढं पुरतं. फोनचं तसं नाही. फोन पाकिटाच्या आतल्या चिठ्ठीतही लिहितो, "माझ्यासाठीचा आवाज या पत्त्यावर पाठवा," आणि तिथं आपला आतला पत्ता घालतो. राउटरनं पाकीट दुरुस्त केलं, चिठ्ठी तशीच राहिली. समोरचा आवाज पाठवतो तो त्या 'पहिल्या गल्लीत', आणि तो कुठंच पोहोचत नाही. टेबलावरचा फोन शंभर वेळा बदलला तरी यात फरक पडणार नाही.

"राउटरमध्ये फोनसाठी खास सोय आहे, ती चालूच असू द्या"

शिरोलीच्या ऑफिसातला दोष इथं होता. बऱ्याच राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची सोय असते आणि पुष्कळदा ती कंपनीतूनच चालू होऊन येते. तिचं काम म्हणजे चिठ्ठी उघडून आतला पत्ताही दुरुस्त करणं. हेतू चांगला आहे. पण आज फोनसेवा देणाऱ्या बहुतेक कंपन्यांचे सर्व्हर पाकिटावरचा पत्ता बघून चिठ्ठी स्वतःच समजून घेतात. एकाच चिठ्ठीवर दोघांनी खाडाखोड केली की ती वाचता येत नाही. त्यात काही राउटर पत्ता एका ओळीत बदलतात आणि दुसऱ्या ओळीत तसाच ठेवतात. मग कॉल लागतो, बोलणं सुरू होतं आणि मध्येच तुटतं.

आता ते अर्ध्या मिनिटाचं कोडं. फोन उचलला की उचलणारा "उचलला" असा निरोप पाठवतो आणि समोरून "कळलं" अशी पोच यावी लागते. पत्ता चुकला की पोच येत नाही. उचलणारी बाजू तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहते. किती वेळ, हे नियमातच ठरलेलं आहे: ३२ सेकंद. तोवर पोच आली नाही तर कॉल संपवला जातो. म्हणून रोज, दर कॉलला, अर्ध्या मिनिटाच्या आसपास फोन तुटत असेल तर नेट कमजोर आहे असं समजू नका. कमजोर नेटवरचा फोन कधी दोन मिनिटांनी तुटेल, कधी दहा. घड्याळ लावल्यासारखा तुटला तर कुठला तरी निरोप वाटेत हरवतोय असं धरून चाला. नेमका पंधराव्या किंवा तिसाव्या मिनिटाला तुटत असेल तर तिथंही निरोपच हरवतो, लांब कॉलमध्ये "अजून चालू आहे ना?" अशी अधूनमधून विचारणा होते, तिचं उत्तर परत येत नसतं.

ही सोय राउटरच्या सिक्युरिटी, नॅट किंवा ॲडव्हान्स्ड पानावर सापडते. फोनसेवेच्या कंपनीला एकदा विचारून ती बंद करा, मग राउटर आणि सगळे फोन बंद-चालू करा, म्हणजे ते नव्यानं नोंदले जातील. राउटरचा पासवर्ड नेटवाल्याकडं असेल तर त्यालाच सांगा, पण शब्द नेमका सांगा. "फोन नीट करा" म्हटलं तर तो वायर हलवून जाईल.

"राउटर बंद-चालू केला की बरं होतं"

होतं, पण थोडाच वेळ. याचं ठरलेलं लक्षण असं: सकाळी बाहेरचे फोन येतात, दुपारी जेवणानंतर येत नाहीत. आपण एखादा फोन लावला की पुन्हा थोडा वेळ यायला लागतात. पार्टी म्हणते, "तुमचा फोन लागतच नाही," आणि आपल्याला वाटतं आज कामच थंड आहे.

राउटरच्या वहीतली नोंद कायमची नसते. काही वेळ त्या वाटेनं ये-जा झाली नाही तर राउटर ती पुसून टाकतो. ही मुदत किमान दोन मिनिटं असावी असं इंटरनेटचे जाणकार सांगतात; प्रत्यक्षात अर्ध्या मिनिटात नोंद पुसणारे राउटर आहेत. नोंद गेली की बाहेरून आलेला कॉल दारातूनच परत. राउटर बंद-चालू केल्यावर फोन नव्यानं नोंद करतो, म्हणून तात्पुरतं बरं वाटतं. खरा इलाज फोनच्या सेटिंगमध्ये आहे: 'कीप अलाइव्ह' चालू करून दर २० ते ३० सेकंदांनी एक रिकामं पाकीट जाऊ द्यायचं.

आणि बंद-चालू करणं वेगळं, रीसेट वेगळं. मागच्या बारीक छिद्रात पिन घालून दाबलं की राउटर कोरा होतो. नेटचं युजरनेम-पासवर्ड त्यात असेल तर तेही जातं, बंद केलेली एएलजी पुन्हा चालू होऊ शकते, आणि नेटवाला येईपर्यंत अख्खं ऑफिस बसून राहतं.

"व्हॉट्सॲप कॉल लागतो, म्हणजे दोष फोन कंपनीचा"

व्हॉट्सॲपवर कॉलची सोय २०१५ मध्ये आली. ती बनवतानाच राउटरमागच्या फोनचा विचार झालेला आहे. थेट वाट मिळाली नाही तर आवाज कंपनीच्या मधल्या सर्व्हरवरून फिरवून नेला जातो. तुमच्या टेबलावरच्या फोनला तशी सवलत असेलच असं नाही. तेव्हा व्हॉट्सॲप चाललं यावरून एवढंच कळतं की नेट जिवंत आहे.

मोबाइलचं वाय-फाय कॉलिंग आणखी वेगळं. एअरटेलनं ते डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओनं जानेवारी २०२० मध्ये भारतात आणलं. उद्यमनगरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, तळघरातल्या गोदामात रेंज नसते तिथं ते फार उपयोगी पडतं. पण ऑफिसच्या फायरवॉलनं ५०० आणि ४५०० ही दोन यूडीपी पोर्ट अडवली असतील तर वाय-फायचे सगळे दांडे भरलेले दिसूनही कॉल लागत नाही.

"दोन राउटर लावले की ताकद वाढते"

फायबरवाल्याचा डबा बहुधा स्वतःच राउटर असतो. त्याला पुन्हा आपला राउटर जोडला की पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते, नोंदीच्या वह्या दोन होतात आणि चूक कुठल्या वहीत आहे ते सापडत नाही. वाय-फाय लांबवर हवं असेल तर दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा, किंवा नेटवाल्याला त्याचा डबा ब्रिज मोडवर टाकायला सांगा. त्याआधी आपल्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता कुठला दिसतो ते बघून ठेवा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमधला असेल तर नेटवाल्याच्या बाजूलाही आणखी एक अदलाबदल चालू आहे, आणि तुम्ही कितीही पोर्ट उघडली तरी बाहेरून आत कुणी येऊ शकणार नाही.

"सगळी पोर्ट उघडून टाका, काम होईल"

हा सल्ला देणारा माणूस तुमचं नुकसान करतो आहे. ५०६० हे एसआयपीचं नेहमीचं पोर्ट. ते जगाला उघडं दिसलं की यंत्रांकडून पासवर्ड ताडून बघणं सुरू होतं, कारण असे उघडे ईपीएबीएक्स शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. विस्तार क्रमांक १०१ आणि पासवर्डही १०१ असेल तर रात्रीत परदेशी नंबरांवर कॉल लावले जातात आणि बिल तुमच्या नावावर येतं. बाहेरून काही उघडायचंच असेल तर फक्त तुमच्या फोन कंपनीच्या सर्व्हरच्या पत्त्यासाठी उघडा. परदेशी कॉलची गरज नसेल तर तो कंपनीकडूनच बंद करून घ्या.

"लाइट गेली तरी लँडलाइन चालते"

हा समज एके काळी खरा होता. तांब्याच्या जोडीवर एक्स्चेंजकडून ४८ व्होल्टची वीज यायची, त्यामुळं गावभर अंधार असला तरी फोन वाजायचा. फायबर म्हणजे काच; तिच्यातून वीज येत नाही. लाइट गेली की फायबरचा डबा, राउटर आणि फोन तिन्ही एकदम बंद पडतात, नंबर ०२३१ चा असला तरी.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक थांबली. अशा वेळी गाडी कुठं अडकली, माल कुठं उतरवला, कामगार घरी पोहोचले का, हे सगळं फोनवरच कळतं. फायबरचा डबा आणि राउटर बहुधा १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात आणि त्यांच्यासाठी छोटे यूपीएस मिळतात. आपल्या अडॅप्टरवरचा आकडा वाचा, त्याला जुळणारा यूपीएस पावसाळ्याच्या आत दोन्ही डब्यांना लावा, आणि टेबलावरचा आयपी फोन इन्व्हर्टरच्या बोर्डवर घ्या.