जाहिरातींचे व्याकरण

मी मराठीचा अध्यापक. जाहिरात दिसली की आधी क्रियापद पाहतो. साबण-मसाल्यांच्या जाहिरातींत बाई ‘धुते’, ‘रांधते’, ‘जपते’. मोटार, विमा, सिमेंट आले की पुरुष ‘निवडतो’, ‘ठरवतो’, ‘उभारतो’. तिचे काम रात्री संपते आणि सकाळी पुन्हा सुरू होते. त्याचे एकदाच घडते आणि टिकते!

विशेषणांची कथा निराळी नाही. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. बाई पदवीधर, पण साबणाला पदवीशी काय कर्तव्य? त्याला हवी होती कांती. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ आले आणि गोरेपणा नळीत मिळू लागला. २०२० साली नावातले ‘फेअर’ गळून ‘ग्लो’ आले. शब्द गेला, हौस गेली काय?

२०२२ साली जाहिरात मानक परिषदेने नियम केला : बाई स्वयंपाक करताना खुशाल दाखवा, पण ते काम केवळ तिचेच, असे सुचवू नका. नियम चांगला आहे. मात्र ‘वधू पाहिजे’ या छोट्या जाहिराती कंपन्या लिहीत नाहीत. तुमच्याआमच्या घरांतूनच त्या जातात. तेथे मुलगी ‘नोकरी करणारी’ हवी, शिवाय ‘गृहकृत्यदक्ष’ही! वाचकहो, हे विशेषण तिन्ही लिंगांत सारखेच चालते. तरी वराला लावलेले ते मी आजवर वाचलेले नाही. व्याकरणाची काहीच हरकत नाही. हरकत आहे ती आपली.