‘दमास्कस’ तलवारींचं पोलाद आपल्या शेजारी बनायचं, मग ही कला संपली कशी?

जपानी कटाना तलवारीच्या रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. तापून लाल झालेलं पोलाद, त्यावर पडणारे घण आणि शेवटी आरशासारखं चमकणारं पातं. खाली कमेंट ठरलेली, ‘अशी कारागिरी आपल्याकडे नाही!’

पण आपल्याकडे ती होती. हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारहून नांदेडमार्गे पुढे गेलात, की तेलंगणातला निजामाबाद जिल्हा लागतो. निजामाच्या काळात हा सगळा मुलूख एकाच राज्यात होता. याच निजामाबादमधल्या कोनासमुद्रम गावात जगप्रसिद्ध पोलाद तयार व्हायचं.

हे पोलाद बनायचं कसं?

मातीच्या लहान मुशीत लोखंड आणि लाकडाचे तुकडे किंवा पानं घालून तोंड मातीने बंद करायचे. कोळशाच्या भट्टीत कित्येक तास तापवलं की लोखंड कार्बन शोषून वितळायचं. मग ते सावकाश थंड होऊ द्यायचं. या पोलादाला ‘वुट्झ’ म्हणतात. कन्नडमधल्या ‘उक्कू’, म्हणजे पोलाद, या शब्दावरून हे नाव आलं असं मानलं जातं.

ते घडवताना खरी परीक्षा आचेची. जास्त तापलं की पात्यावरची पाण्याच्या लाटांसारखी नक्षी नाहीशी व्हायची. ही नक्षी कोरलेली नसते, ती पोलादातच असते.

दख्खनचं पोलाद इराण आणि पश्चिम आशियात जायचं. त्याच्या तलवारी युरोपात प्रसिद्ध झाल्या त्या ‘दमास्कस’ या नावाने. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश भूगर्भतज्ज्ञ हेन्री व्हॉयसी कोनासमुद्रमला गेला, तेव्हा त्याला तिथे थेट इस्फहानहून पोलाद घ्यायला आलेला व्यापारी भेटला. याच काळात मायकल फॅरेडे लंडनमध्ये वुट्झचं रहस्य शोधत होता.

मग मराठ्यांच्या तलवारी?

इथे गंमत आहे. नागपूरकर रघुजी भोसले (पहिले) यांची तलवार राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिचं सरळ, एकधारी पातं युरोपात बनलेलं आहे. अशा तलवारीला ‘फिरंग’ म्हणत. मूठ मात्र इथल्या मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघुजींचं नावही आहे.

म्हणजे दख्खनचं पोलाद बाहेर जात होतं आणि युरोपची लांब, लवचीक पाती बंदरांवरून आत येत होती. आपले कारागीर त्यांना आपल्या हाताला बसेल अशी मूठ चढवत होते.

कला संपली कशी?

कारणं अनेक. कारखान्यातलं स्वस्त ब्रिटिश पोलाद आलं. कोळशासाठी लागणारं जंगल घटलं. लढाईत बंदुका आल्या. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यारं बाळगण्यावर बंधनं घातली. मागणीच उरली नाही, तेव्हा मुशीचं ज्ञान पुढच्या पिढीला शिकवायचं कशासाठी? बहुतेक ज्ञान लिहिलेलं नव्हतं, ते हातात होतं. हात थांबले आणि तेही गेलं.

जपानमध्येही हेच होणार होतं. १८७६ मध्ये तिथे सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगायला बंदी आली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर तलवारी घडवणंच थांबलं. पण १९५३ पासून कलावस्तू म्हणून परवानगी मिळाली. १९७७ मध्ये शिमाने प्रांतात लोहवाळूपासून पोलाद बनवणारी पारंपरिक भट्टी पुन्हा पेटली. शिकायचं तर गुरूकडे किमान पाच वर्षं उमेदवारी करावी लागते. आपण पाहतो त्या रील्समागे हे सगळं आहे.

हे लक्षात ठेवा

ऑनलाइन विकले जाणारे बहुतेक ‘दमास्कस’ चाकू वुट्झचे नसतात. दोन प्रकारच्या पोलादाचे थर एकत्र ठोकून त्यावर नक्षी उठवलेली असते. वस्तू वाईट असेलच असं नाही, पण कोनासमुद्रमच्या मुशीतून निघायचं ते पोलाद हे नाही. नावावर भुलून जादा पैसे मोजण्याआधी एवढं नक्की विचारा.