ताठरतेची तक्रार आणि रक्तातली साखर

पंचविशी-तिशीतल्या तरुणाने लिंगाला ताठरता येत नाही असं धीर करून सांगितलं, की 'टेन्शन घेऊ नकोस, होईल ठीक' एवढ्यावर त्याची बोळवण होते. ताण हे या वयातलं मोठं कारण आहेच. पण शरीर न तपासताच सगळं खापर मनावर फोडणं चुकीचं आहे.

ताठरता हा मुळात रक्ताचा खेळ. मेंदूकडून इशारा आला की मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं. त्याने स्नायू सैलावतात, रक्त आत शिरतं आणि बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन ते तिथेच अडतं. या रेणूचं रक्ताभिसरणातलं काम उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ साली नोबेल मिळालं.

नेमकं हेच अस्तर सिगारेट, मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल बिघडवतात. लिंगाच्या धमन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. त्यामुळे बिघाड आधी इथे जाणवतो, छातीत दुखणं कधी कधी काही वर्षांनी सुरू होतं. मधुमेह तर मज्जातंतूंनाही इजा करतो, आणि आपल्याकडे तो तरुणपणीच गाठू लागला आहे. म्हणूनच ही तक्रार ऐकल्यावर मला आधी साखरेची तपासणी आठवते.

बाकीची कारणंही आहेत: टेस्टोस्टेरॉन कमी पडणं, प्रोलॅक्टिन वाढणं, थायरॉइडचा बिघाड, ओटीपोटाला किंवा मणक्याला झालेली जुनी इजा, दारू. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही असं होतं, पण त्या परस्पर बंद करू नयेत; डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात.

एक खूण घरीच कळते. निरोगी तरुणाला झोपेत आणि पहाटे आपोआप ताठरता येते. ती टिकून असेल आणि अडचण फक्त जोडीदाराजवळ येत असेल, तर कारण मनात असण्याची शक्यता अधिक. तीही हळूहळू नाहीशी झाली असेल, तर शारीरिक कारण शोधायलाच हवं.

रस्त्याकडेच्या तंबूतल्या 'शक्तिवर्धक' पुड्यांपासून मात्र लांब राहा. अशा पुड्यांत सिल्डेनाफिल हे ताठरतेवरचं औषध गुपचूप मिसळलेलं सापडलं आहे. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याचा रक्तदाब त्याने जीवघेणा खाली जाऊ शकतो. त्यापेक्षा फिजिशियनकडे किंवा मूत्ररोगतज्ज्ञाकडे जा, रक्तदाब मोजा, साखर, कोलेस्टेरॉल आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या. लाजून वर्ष घालवू नका.