रिले जळतो, तेव्हा दोष कुणाचा?

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला, तर कुणी चकित होत नाही. त्यात घुग्घुस, बल्लारपूर, दुर्गापूर या कोळसापट्ट्यातली काळी धूळ रेडिएटरच्या बारीक पापुद्र्यांत जाऊन बसते. पलीकडे गडचिरोलीत आलापल्लीहून भामरागडकडे निघालं की गॅरेज मागे राहतात आणि मोबाइलचं नेटवर्कही मध्येच सोडून जातं. अशा मुलखात गाडीचा पंखा बंद पडला, तर तो का थांबला हे चालकालाच शोधावं लागतं.

गाडी वेगात असेपर्यंत समोरचा वारा रेडिएटरचं काम भागवतो. सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमागे रखडलं की सगळी भिस्त पंख्यावर येते. जुन्या जीपगाड्यांत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. आडवं इंजिन असलेल्या मोटारींत तो विजेवर चालतो आणि त्याला चालू-बंद करतो रिले. रिलेच्या ८५ आणि ८६ या पिनांमधून कॉइलला जेमतेम पाव अँपिअर किंवा त्याहून कमी वीज मिळते. तेवढ्यावर आतले पॉइंट जुळतात आणि ३० वरून ८७ कडे मोटरची दहा-वीस अँपिअरची वीज वाहू लागते.

पंखा फिरत नसेल तर आधी फ्यूज पाहावा. मग इंजिन चालू ठेवून एसी लावावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा सुरू होतो. तसा झाला तर मोटर चांगली आहे, तपास तापमानाच्या सेन्सरकडे वळवावा. मात्र काही गाड्यांत दोन पंखे आणि दोन रिले असतात, हे ध्यानात ठेवावं.

एसी लावूनही पंखा हलला नाही, तर रिलेवर बोट ठेवून ‘टक्’ जाणवतं का पाहावं. जाणवलं नाही, तर कॉइलपर्यंत वीज किंवा अर्थिंग पोहोचत नाही, नाहीतर कॉइलच तुटली आहे. रिले काढून ८५-८६ मध्ये मल्टिमीटर लावला की चांगली कॉइल साधारण ५० ते १२० ओहम दाखवते. कॉइलचं अर्थिंग बहुधा इंजिनाचा कॉम्प्युटर देतो, म्हणून तिथे बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नये. त्याची ओढ कॉम्प्युटरला झेपेलच असं नाही. ‘टक्’ होऊनही पंखा थांबलेलाच असेल, तर पॉइंट जळाले असतील किंवा मोटरच गेली असेल. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर तो लावून पाहावा. उलट, किल्ली काढून बराच वेळ झाला तरी पंखा थांबत नसेल, तर पॉइंट एकमेकांना चिकटले असावेत. रात्रभरात बॅटरी उतरेल.

पण खरा प्रश्न पुढे आहे. नवा रिले महिनाभरात पुन्हा जळाला, तर दोष रिलेचा नाही. झिजलेल्या बुशांमुळे जड झालेली मोटर जादा वीज ओढते, पॉइंटांवर ठिणगी वाढते आणि पृष्ठभाग काळा, खडबडीत होतो. सॉकेटमधली ३० किंवा ८७ ची जागा तपकिरी पडलेली, प्लास्टिक वितळलेलं दिसलं, तर जोड सैल आहे. अशा सॉकेटात नवा रिले खोचण्यात अर्थ नाही; टर्मिनल बदलायला हवं. पंखा चालू असताना ३० आणि ८७ मध्ये मीटर ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल, तर रिले लवकरच जाणार. पावसाळ्यात रिलेच्या बॉक्सचं झाकण नीट बसलं नसेल तर पिनांवर हिरवा गंज चढतो. रेडिएटर धुळीने बुजला की पंखा जास्त वेळ चालतो आणि मोटर, पॉइंट दोन्ही लवकर झिजतात.

रस्त्यातच तापमानाचा काटा लालकडे गेला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि गाडी सावलीत. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये. पंखा केव्हाही फिरू शकतो, म्हणून हातही दूर ठेवावा. इंजिन निवल्यावर रिले काढून सॉकेटात ३० ते ८७ अशी फ्यूज घातलेली जाड तार जोडली की पंखा सतत चालतो. मुक्कामी पोहोचताच ती काढावी.

उन्हाळ्याआधी रेडिएटर धुऊन घ्यावा, सॉकेट तपासून घ्यावं आणि मोटर किती अँपिअर ओढते ते मोजून घ्यावं. त्याच नंबरचा एक जादा रिले डिकीत असावा, पण तो लावण्याआधी जुना का जळाला याचं उत्तर मिळालेलं असावं.